सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस : तपासणी कशी होते आणि अहवाल कसा वाचावा

एकूण प्रोटीनची तपासणी नुकतीच झालेली असताना डॉक्टरांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही का सांगितले, असा प्रश्न अनेक ग्राहक आम्हांला विचारतात. हा प्रश्न रास्त आहे.

एकूण प्रोटीन मोजण्यासाठी सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, तांब्याचे क्षार असलेले बाययुरेट द्रावण मिसळतात. त्यातून येणारा जांभळा रंग जितका गडद, तितकी प्रथिने अधिक. अल्ब्युमिन हे सीरममधील सर्वांत मुबलक प्रथिन वेगळ्या रंगद्रव्याने मोजतात आणि एकूणातून ते वजा केले की उरलेल्या प्रथिनांचा, म्हणजे ग्लोब्युलिनचा, आकडा मिळतो. ग्लोब्युलिनचा आकडा असा वजाबाकीतून आलेला असल्याने त्यात सामावलेल्या असंख्य प्रथिनांपैकी नेमके कोणते वाढले, हे त्यावरून कळत नाही, आणि एकूण प्रोटीन ६ ते ८ ग्रॅम प्रति डेसिलिटर या नेहमीच्या मर्यादेत असतानाही एखादे प्रथिन अवाजवी वाढलेले असू शकते.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हीच प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी केली जातात. स्वीडनमधील उप्साला येथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली या पद्धतीने सीरममधील प्रथिनांचे गट वेगळे करून दाखवले आणि १९४८ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपला नमुना अ‍ॅगारोज जेलवर, सुमारे ८.६ पीएचच्या द्रावणात ठेवून त्यातून वीजप्रवाह सोडतात. अल्ब्युमिन धन टोकाकडे सर्वांत पुढे जाते. त्यामागे अल्फा-१, अल्फा-२, बीटा आणि शेवटी गॅमा असे पट्टे उमटतात. जेल रंगवून डेन्सिटोमीटर या पट्ट्यांचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्राने त्याचा आलेख काढला जातो.

अहवालात टक्केवारीइतकाच या आलेखाचा आकार महत्त्वाचा असतो. गॅमा भाग पसरट उंचावला असेल, तर दीर्घकालीन संसर्ग, यकृताचा आजार किंवा स्वप्रतिकार विकार यांचा विचार होतो. तेथे अरुंद, टोकदार शिखर दिसले, तर एकाच पेशीसमूहातून एकाच प्रकारचे प्रथिन तयार होत असल्याची शक्यता असते. त्याला एम-बँड म्हणतात. एम-बँड म्हणजे मायलोमाच (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग), असे कृपया समजू नये. उतारवयात अनेकांमध्ये तो कोणत्याही त्रासाविना आढळतो, मात्र त्यावर नियमित लक्ष ठेवावे लागते. त्याचा नेमका प्रकार इम्युनोफिक्सेशन या पुढच्या तपासणीने ठरतो. काही मायलोमांत केवळ लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे (प्रतिपिंडाचे) लहान घटक, तयार होतात आणि त्या या आलेखात सुटू शकतात, म्हणून डॉक्टर फ्री लाइट चेन किंवा लघवीची तपासणीही सांगतात.

आम्ही कधी दुसरा नमुना मागतो, त्याचे कारणही सांगायला हवे. रक्त पूर्ण गोठले नाही, विशेषतः रुग्णाला हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असेल, तर उरलेले फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) बीटा आणि गॅमा यांच्या मध्ये एम-बँडसारखाच पट्टा उमटवते. मायलोमावरील डॅराटुमुमॅबसारखी मोनोक्लोनल अँटिबॉडीची (एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाची) औषधेही छोटा पट्टा दाखवू शकतात. म्हणून चालू औषधांची यादी नमुना देतानाच आमच्याकडे द्यावी. एम-बँडची पुनर्तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करावी, कारण निरनिराळ्या पद्धतींनी आलेल्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.