हरलेला डाव ग्रुपवर कसा आला

रात्रीची जेवणं उरकली की खान्देशातल्या बुद्धिबळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंका पडू लागतात. तीन मिनिटांचा डाव, पाच मिनिटांचा डाव, आणि खाली एखादी ओळ: ‘वजीर फुकट घालवला, बघा आणि हसा.’ टाकणारा कधी धुळ्यातला बँकेचा कारकून असतो, कधी रावेरकडचा केळीवाला, कधी भुसावळचा रेल्वेवाला. लगेच कुणीतरी विचारतं, ‘का रे भो, कसा हारना?’ आणि मग जिंकलेल्या डावावर होत नाही एवढी चर्चा या हरलेल्या डावावर होते. हौशी माणसानं आपला पराभव आपणहून चारचौघांत मांडावा, ही रीत मात्र फार जुनी नाही. ती रुजायला आधी घड्याळ यावं लागलं आणि मग चालींची आपोआप होणारी नोंद.

पारावरच्या किंवा ओट्यावरच्या देशी बुद्धिबळात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जायचं, आजच्यासारखा किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नव्हता, राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. पंजाबचा मीर सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढला आणि पुढे 1929, 1932 आणि 1933 मध्ये ब्रिटिश विजेता झाला. गावात मात्र डाव संपला की मोहरी पिशवीत जायची आणि मागे उरायची ती जिंकणाऱ्यानं सांगितलेली हकिकत. हरणाऱ्याची बाजू कुणी विचारत नसे, आणि विचारली तरी पुराव्याला काही नसे.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेळेचं बंधन नव्हतं. समोरचा तासन्‌तास विचार करत बसला तर बसून राहायचं. 1861 च्या आसपास सामन्यांत वाळूची घड्याळं आली, 1883 च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचं जोडघड्याळ आलं. घड्याळ आणलं होतं डाव रेंगाळू नये म्हणून. पण एकदा ते हाताशी आल्यावर क्लबातल्या मंडळींनी त्याचा उलटा उपयोग केला आणि पाच-पाच मिनिटांत डाव उरकायला सुरुवात केली. आज जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांनुसार प्रत्येकी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर तो डाव ब्लिट्झ. याच नियमांत एक सवलतही आहे: ब्लिट्झमध्ये खेळाडूनं चाली लिहिण्याची सक्ती नाही. लिहिणार तरी कधी? एक हात मोहऱ्यावरून घड्याळाकडे धावत असतो.

त्यामुळे वर्षानुवर्षं ब्लिट्झचे बहुतेक डाव खेळले गेले आणि विरून गेले. अपवाद असायचे, पण ते अमेरिकेच्या बॉबी फिशरसारख्या दिग्गजांचे. 1970 मध्ये युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोवीच्या ब्लिट्झ स्पर्धेत तो 22 पैकी 19 गुणांनी जिंकला आणि नंतर त्यानं आपले बावीसच्या बावीस डाव तोंडपाठ म्हणून दाखवले, असं सांगतात. त्यात सोव्हिएत ग्रँडमास्टर कोर्चनॉयकडून हरलेला एकमेव डावही आला. आपल्यासारख्याला दहाव्या चालीनंतर काय झालं हेच आठवत नाही.

हरलेला डाव हरणाऱ्यानंच जगापुढे ठेवल्याचं सगळ्यात देखणं उदाहरण मात्र घड्याळाच्याही आधीचं आहे. 21 जून 1851 रोजी लंडनमध्ये जर्मनीचा आंडरसन आणि किझेरित्स्की हे दोन नावाजलेले खेळाडू असेच गमतीखातर एक डाव खेळले. शहरात तेव्हा मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती, पण हा डाव स्पर्धेतला नव्हता. आंडरसननं एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही दिला, आणि उरलेल्या दोन घोड्यांनी व एका उंटानं मात केली. किझेरित्स्की पॅरिसमध्ये बुद्धिबळ शिकवून पोट भरणारा माणूस. त्यातून स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत त्याला याच आंडरसननं बाहेर काढलं होतं. डाव दडपायला एवढं कारण पुरेसं होतं. त्यानं उलट केलं. तो ‘ला रेजाँस’ नावाचं बुद्धिबळाचं मासिक चालवत होता, त्यात त्याच जुलैमध्ये हा डाव छापला. पुढे 1855 मध्ये ऑस्ट्रियाचा खेळाडू फाल्कबीर यानं त्याला ‘अमर डाव’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. कौतुक आंडरसनचं झालं हे ठीकच. पण डाव हरणाऱ्यानंच जपला नसता तर ते कशाचं झालं असतं? फिशरनंही 1969 साली आपले निवडक साठ डाव छापले तेव्हा त्यांत तीन पराभव ठेवले. पण ही सगळी नावाजलेली माणसं. हौशी खेळाडूचा हरलेला डाव छापणार कोण?

ते काम संगणकानं केलं. 1992 मध्ये इंटरनेटवर खेळण्याचा सर्व्हर सुरू झाला, 1993 मध्ये चाली साठवण्याचा पीजीएन हा साधा मजकुरी साचा आला. मग खेळण्याची संकेतस्थळं: चेस डॉट कॉम 2007 चं, फुकट आणि जाहिरातींशिवाय चालणारं लीचेस 2010 चं. इथे चाल केली की ती नोंदली जातेच. जिंकणारा आणि हरणारा दोघांच्या हाती तीच लिंक पडते. आपल्याकडे हे खऱ्या अर्थानं पोचलं ते 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. मग 2020 ची टाळेबंदी. विनोदवीर समय रैनानं इतर विनोदी कलाकारांना पटावर बसवून थेट प्रक्षेपणं केली आणि त्यांत शेजारच्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी हसतखेळत सामील झाला. नवशिक्यानं सगळ्यांसमोर घोडा फुकट देणं ही शरमेची नव्हे, करमणुकीची गोष्ट ठरली.

आणखी एक कारण आहे, ते कमी बोललं जातं. स्टॉकफिशसारखी इंजिनं, म्हणजे उत्तम चाल शोधून देणारे प्रोग्रॅम, मोबाइलवर आल्यापासून झकास विजय टाकला की पहिला प्रश्न येतो, ‘इंजिन लावलं का रे?’ पराभवावर असा संशय कुणी घेत नाही. शिवाय हौशी ब्लिट्झमधला विजय बहुतेकदा समोरच्यानं काहीतरी फुकट दिल्यामुळेच मिळालेला असतो; त्यात बघण्यासारखं फारसं नसतं. पराभवात आपण काय विचार केला होता आणि तो कुठे फसला हे सांगता येतं. ‘वेळ संपली, नाहीतर जिंकलोच होतो’ हे रडगाणंही, चालीगणिक कोण वरचढ होतं ते दाखवणाऱ्या इंजिनाच्या आलेखापुढे टिकत नाही.

ही सोय अजून फक्त ऑनलाइन डावांना आहे. जळगाव-धुळ्याच्या हॉलमध्ये रविवारी भरणाऱ्या ब्लिट्झ स्पर्धांत लाकडी नाहीतर प्लास्टिकचे पट असतात. चाली आपोआप टिपणारे इलेक्ट्रॉनिक पट महाग, ते मोठ्या स्पर्धांतसुद्धा बहुधा वरच्या मोजक्या टेबलांवरच मांडतात. चाळिसाव्या टेबलावर हरलेल्याला डाव ग्रुपवर टाकायचा असेल तर हरवणाऱ्यालाच धरून, दोघांनी मिळून चाली आठवत परत मांडावा लागतो. विसाव्या चालीच्या पुढे दोघांचं सहसा जमत नाही.