‘सम्राट अशोक’ ते ‘आग्रा’: मुंबईच्या जम्बोची त्रेपन्न वर्षं

२२ एप्रिल २०२४ च्या सकाळी एअर इंडियाचं ‘आग्रा’ हे बोइंग ७४७, म्हणजे जम्बो, मुंबईहून कायमचं उडालं. अमेरिकन कंपनीला विकलेलं, आत एकही प्रवासी नाही. वर चढताना वैमानिकानं पंख डावी-उजवीकडे झुकवले. तो निरोप पाहून अनेकांचे डोळे का भरून आले, हे कळायला मागे जावं लागतं.

पहिलं जम्बो १९७१ च्या एप्रिलमध्ये सांताक्रूझला आलं. आधीच्या बोइंग ७०७ विमानांना हिमशिखरांची नावं होती: गौरीशंकर, अन्नपूर्णा. जम्बोंना मात्र सम्राटांची नावं मिळाली, आणि पहिलं ठरलं ‘एम्परर अशोक’. ७०७ च्या दुपटीहून जास्त माणसं घेणारं हे धूड. वरच्या मजल्यावर जायला आतून गोल जिना. बाहेर प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची महिरप काढलेली. जगभरच्या विमानतळांवर शंभर शेपट्यांच्या गर्दीतही आपलं विमान लांबून ओळखू यायचं ते या महिरपींमुळे. माझ्या मते इतकी देखणी रंगसंगती पुन्हा झाली नाही.

त्याच ‘अशोक’नं १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईसाठी उड्डाण केलं आणि दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. विमान किती कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसेना. विमान उजवीकडे कललंय अशा समजुतीनं ते डावीकडे वळवत नेलं गेलं. २१३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. २३ जून १९८५ ला ‘कनिष्क’ हे दुसरं जम्बो बॉम्बस्फोटानं आयर्लंडजवळ पडलं, ३२९ बळी.

तरीही जम्बो येत राहिली. १९८८ च्या दोन ७४७-३०० पैकी एकाचं नाव ‘शिवाजी’. १९९३ पासूनच्या ७४७-४०० ना स्थळांची नावं दिली: कोणार्क, खजुराहो, आपली अजंठा.

पुढे दोन इंजिनांची ७७७ विमानं लांबचे पल्ले कमी इंधनात गाठू लागली आणि चार इंजिनांचा खर्च परवडेना. राष्ट्रपती-पंतप्रधानांचे दौरे आणि संकटातली सुटका, एवढंच काम उरलं. २०२० च्या सुरुवातीला वुहानमध्ये अडकलेल्या भारतीयांना आणायला जम्बोच गेलं होतं. मार्च २०२१ मध्ये दिल्ली-मुंबई अशी शेवटची प्रवासी फेरी झाली.