जाहिरातीचा लिलाव आणि हरणाऱ्यांची कमाई

मोबाइल आपले बोलणे चोरून ऐकतो, अशी समजूत कोकणात आता घरोघरी पसरली आहे. चाकरमान्याशी गणपतीच्या तिकिटांविषयी बोलणे झाले की लगेच गाड्यांच्या जाहिराती दिसतात, असे लोक खात्रीने सांगतात. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा चोरून ध्वनिमुद्रण करणारे एकही त्यांना आढळले नाही. फोनला अंतर्ज्ञान नसते. जे घडते ते लिलावात घडते आणि चिंतेचे खरे कारणही तेथेच आहे.

आपण बातमीचे पान उघडताच त्यावरील जाहिरातीची जागा त्याच क्षणी लिलावात निघते. लिलाव चालवणारा सर्व्हर एक विचारणा तयार करतो. वाचक कोणते पान पाहतो आहे, फोन कोणता आहे, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) काय, ढोबळ ठिकाण कोणते आणि वाचकाला दिलेला ओळख क्रमांक काय, हे त्या विचारणेत असते व ती एकाच वेळी अनेक बोलीदारांकडे जाते. देवगडच्या एखाद्या बागायतदारासाठी बोली लावणारा सर्व्हर हा क्रमांक आपल्या नोंदींत शोधतो. या वाचकाने काल हापूसच्या पेटीचा भाव पाहिला होता असे आढळले, तर तो जाहिरातीवर क्लिक करील अशी शक्यता समजा हजारात ५ धरली जाते. एका क्लिकचे मोल ४ रुपये असेल, तर त्यांचा गुणाकार, म्हणजे २ पैसे, ही बोली ठरते. हे सारे सुमारे १०० मिलिसेकंदांत उरकते.

येथे एक अडचण उद्भवते. कुकी म्हणजे वाचकाला ओळखण्यासाठी कंपनीने त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ब्राउझर एका कंपनीची कुकी दुसऱ्या कंपनीला देत नाही, त्यामुळे तोच वाचक प्रत्येकीकडे वेगळ्या क्रमांकाने नोंदलेला असतो. म्हणून पहिली कंपनी ब्राउझरला दुसरीच्या पत्त्यावर धाडते आणि त्या पत्त्यातच आपला क्रमांक जोडते. दुसरी आपली कुकी वाचून दोन्ही क्रमांक एका ओळीत नोंदवते. अशा जुळणीतून वाचकाचे तुटक माग एकमेकांना जोडले जातात.

हर्णै बंदरावरील लिलावात ज्याची बोली पडते तो मासळी नेतो आणि बाकीचे रिकाम्या हाताने परततात. जाहिरातीच्या लिलावात मात्र हरणाऱ्यालाही विचारणेतील माहिती मिळालेली असते. ती साठवू नये असे करारात लिहिलेले असले, तरी परक्या सर्व्हरवर तिचे पुढे काय होते हे वाचकाला तपासता येत नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने या तंत्राचा लाभ खरा आहे. दलालाला वगळून पुण्या-मुंबईच्या ग्राहकापर्यंत थोड्या खर्चात पोहोचणे छोट्या बागायतदाराला पूर्वी शक्य नव्हते. मात्र ‘एआयने सगळा माल खपवून देतो’ असे सांगणाऱ्यांवर त्याने विसंबू नये. आमरसाच्या पाककृतीशेजारी आंब्याची जाहिरात लावायला वाचकाचा माग काढावाच लागत नाही, आणि हा मार्ग मला अधिक सभ्य वाटतो.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूद आहे. परंतु घरातला एकच फोन आई, आजोबा आणि आठवीतली मुलगी वापरत असतील, तर जाहिरातीचा ओळख क्रमांक फोनचाच राहतो आणि त्यावरून फोन कोणाच्या हाती आहे हे कळत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमधील जाहिरातींच्या विभागात जाऊन हा क्रमांक पुसता येतो. त्यानंतर ॲपला त्या जागी केवळ शून्ये मिळतात.