ग्रीन ऑडिट आणि कॅम्पसवरचं संशोधन: फरक नेमका कुठे आहे?

पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पाची तारीख जवळ आली की 'आमच्या कॉलेजचं ग्रीन ऑडिट' हा विषय हमखास निघतो. मुलं वर्गावर्गांतून फिरून पंखे आणि ट्यूबलाइट मोजतात, झाडांची यादी करतात, ऑफिसातून वीजबिलं मिळवतात, शेवटी चार सूचना लिहितात आणि त्याला संशोधन म्हणतात. तिकडे नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या भेटीची, तयारी सुरू झाली की हेच प्रकल्प बाइंडिंग करून ऑडिटच्या फाइलीत लावले जातात. या सरमिसळीचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन्ही कामं हवी आहेत, पण एकाच्या नावाखाली दुसरं केलं की दोन्ही अर्धीच राहतात.

ही सरमिसळ का होते, तेही समजण्यासारखं आहे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करण्याबद्दल आदेश दिला आणि पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणाचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम लावला. त्यात ७५ गुण लेखी परीक्षेला आणि २५ गुण फील्डवर्कला होते. दुसरीकडे नॅकच्या सातव्या निकषात कॉलेजकडे ग्रीन, एनर्जी आणि एन्व्हायर्नमेंट ऑडिटचे अहवाल मागितले जाऊ लागले. मोजमाप तेच, आवार तेच, मग वेगळं काय करायचं?

वेगळा असतो तो प्रश्न. कॅम्पसवर आज काय आहे आणि किती आहे, हे ऑडिट सांगतं. जोडलेला भार (सगळ्या उपकरणांची मिळून वीजक्षमता) किती किलोवॅट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) किती, पाण्याच्या टाक्या किती, प्रयोगशाळेतली रसायनं कुठे ओतली जातात, ओला आणि सुका कचरा वेगळा होतो का. हे आकडे एखाद्या प्रमाणाशी ताडून पाहता येतात. पाण्याचंच घ्या. वसतिगृहासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर आणि दिवसा भरणाऱ्या शाळा-कॉलेजांसाठी माणशी ४५ लिटर हे आपल्याकडच्या मानकांत धरलेले आकडे आहेत. कचरा दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर गेला तर घनकचरा नियमांप्रमाणे ती संस्था मोठी कचरा-उत्पादक ठरते. ऑडिटने कॉलेज या रेषांच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते सांगायचं असतं. आणि ते दरवर्षी त्याच पद्धतीने सांगायचं असतं, नाहीतर मागच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही.

संशोधन विचारतं की हे असं का आहे आणि एक गोष्ट बदलली तर काय होईल.

पंख्यांवरून पाहू. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा, वीज वाचवणारा) पंखा ३० वॅटच्या आसपास. म्हणजे ४५ वॅट वाचले. पंखा दिवसाला ८ तास आणि वर्षाला २०० दिवस चालतो असं धरलं तर एका पंख्यामागे ७२ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये आणि नव्या पंख्याला ३,००० रुपये धरले, तर चार वर्षांहून थोड्या जास्त काळात पैसे वसूल. ऑडिटच्या अहवालात हा हिशेब असतो, आणि तो बरोबर असतो. फक्त '८ तास' हा आकडा कुणी पाहिलेला नसतो, तो धरलेला असतो.

आता दोन विद्यार्थी वही घेऊन तासातासाला वर्गांतून फिरले, तर काय दिसेल? कुठल्या वर्गात किती मुलं, किती पंखे चालू, कुठले पंखे रिकाम्या बाकांवर फिरताहेत. एका बटणावर दोन-दोन पंखे असतील, तर पुढच्या रांगेतल्या पाच जणांसाठी मागचाही पंखा फिरत राहतो. बटणाचा बोर्ड दाराच्या पल्ल्यामागे असेल, तर शेवटचा तास संपल्यावर तिकडे कुणी हात घालत नाही. समजा प्रत्यक्ष वापर ४ तासांचाच निघाला. मग वसुलीचा काळ दुप्पट, आठ वर्षांच्या वर जातो. त्याच कॅम्पसवर हॉस्टेलच्या खोलीत पंखा दिवसाला १५ तास आणि वर्षाला २५० दिवस चालत असेल, तर तिथे एका पंख्यामागे जवळपास १६९ युनिट वाचतात आणि पैसे दोन वर्षांच्या आत परत येतात. म्हणजे पंखे आधी हॉस्टेलवर बदलायचे, आणि वर्गांत आधी वायरिंग सुधारून प्रत्येक पंख्याला वेगळं बटण द्यायचं. पैसे तेवढेच, पण कुठे घालायचे ते ठरवता आलं. एकूण वीजबिलातून हे कळलं नसतं. कारण साऱ्या आवाराला बऱ्याचदा एकच एचटी (उच्च दाबाचा) मीटर असतो आणि इमारतींना स्वतंत्र सबमीटर नसतात.

मेसमध्ये तर हा फरक आणखी ठळक दिसतो. 'रोज इतका ओला कचरा निघतो' असं ऑडिट लिहील, आणि बायोगॅस प्लँट आहे की नाही तेही लिहील. विद्यार्थ्यांनी मात्र तीन बादल्या ठेवाव्यात: एकीत भाजी निवडताना निघणारी देठं आणि सालं, दुसरीत पातेल्यात उरलेलं, तिसरीत ताटातलं उष्टं. काटा तोच, पण कारणं तीन वेगळी. पातेल्यात उरतं ते जेवणाऱ्यांचा अंदाज चुकल्यामुळे, आणि त्यावर उपाय म्हणजे आदल्या रात्री नावं घेणं. ताटात उरतं ते वाढण्याच्या पद्धतीमुळे किंवा चवीमुळे, आणि तिथे भाताचा डाव लहान करून पाहता येतो. देठं तर निघणारच, ती सरळ खताच्या खड्ड्यात.

इथे घाई करू नये. शनिवारी निम्मी मुलं गावी गेलेली असतात, एकादशीला खिचडीची रांग लागते, परीक्षेच्या आठवड्यात जेवणाच्या वेळाच बदलतात. सोमवारची तुलना सोमवारशीच करावी. आणि शक्य असेल तर दुसऱ्या एका मेसमध्ये काहीही न बदलता फक्त वजन घेत राहावं, म्हणजे फरक डावामुळे पडला की आपण काटा घेऊन उभे आहोत म्हणून, ते कळतं. 'तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का?' अशा प्रश्नावली मला फार कमी उपयोगाच्या वाटतात. तिथे सगळेच 'हो' लिहितात, आणि बादली त्यामुळे हलकी होत नाही.

'असं का?' या प्रश्नाची ताकद पाहायची तर पुण्यातलंच उदाहरण आहे. बायोगॅस म्हणजे शेण हे बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. डॉ. आनंद कर्वे आणि ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या त्यांच्या 'आरती' या संस्थेने पिष्टमय खरकटं थेट घालून लहान टाकीचा संच उभा केला, आणि २००६ मध्ये त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेणाच्या टाक्या मोजून हे सापडलं नसतं.

याचा अर्थ ऑडिट दुय्यम, असं मी म्हणत नाही. एचटी पॅनेल उघडणं, वीज कंपनीशी केलेल्या करारातली कमाल वीजमागणी तपासणं, जनरेटरचा धूर मोजणं ही कामं प्रशिक्षित माणसांची आहेत. एनर्जी ऑडिटरसाठी तर बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, राष्ट्रीय परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतो. विद्यार्थ्यांना तिथे पाठवू नये. उलट, चांगलं ऑडिट हाती असेल तर संशोधनाचा विषय त्यातूनच निघतो. हॉस्टेलचा पाणीवापर माणशी १३५ लिटरच्या बराच वर दिसला, की पुढचा प्रश्न तयारच आहे: गळती किती आणि वापर किती? रात्री दोन ते चार या वेळेत, नळ बंद असताना, टाकीची पातळी किती उतरते, ते पट्टीने मोजलं तरी सुरुवात होते.

एक फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑडिटचा वाचक ठरलेला असतो: व्यवस्थापन, नॅकची समिती. विद्यार्थ्यांच्या संशोधनाला वाचकच नसतो, ते गुण मिळाले की कपाटात जातं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा 'सीड्स' उपक्रम मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तिथे विद्यापीठ चालवणारे कर्मचारी आपल्या अडचणीतून प्रश्न देतात, विद्यार्थी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यावर काम करतात, आणि अहवाल विद्यापीठाच्या खुल्या डिजिटल भांडारात ठेवले जातात. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं, त्यामुळे ते वाचलं जातं.

आपल्याकडे हे करायला मोठा निधी लागत नाही. विषय ठरवण्याआधी रेक्टर, मेस चालवणाऱ्या मावशी आणि कॉलेजचे इलेक्ट्रिशियन यांना भेटून त्यांची अडचण विचारावी. अहवालाची एक प्रत त्यांच्याकडे जावी. आणि मोजमापांचा कच्चा तक्ता, तारीख, वार आणि वेळेसकट, ग्रंथालयात ठेवावा, म्हणजे पुढच्या बॅचला तीच मोजणी त्याच पद्धतीने पुन्हा करता येईल.