पाय मंदावल्यानंतर: अली आणि फोरमन यांच्या बदललेल्या शैलींची पार्श्वभूमी

30 ऑक्टोबर 1974 रोजी तेव्हाच्या झाईर देशाच्या राजधानीत, किन्शासा येथे, मुष्टियोद्धा महंमद अली रिंगच्या दोरांना पाठ टेकवून प्रतिस्पर्धी जॉर्ज फोरमनचे ठोसे दंडांवर आणि बरगड्यांवर झेलू लागला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी कोपऱ्यातून त्याला दोरांपासून दूर हो म्हणून ओरडत होते. आठव्या फेरीत दमलेला फोरमन कोसळला आणि दोरांना टेकून प्रतिस्पर्ध्याला दमवण्याच्या या युक्तीचे ‘रोप-अ-डोप’ हे नाव जगभर झाले. ही युक्ती त्या रात्री ऐनवेळी सुचली असे सांगितले जाते. ते काही अंशी खरेही आहे, परंतु तिची तयारी त्याआधीच्या सात वर्षांत झाली होती.

1967पूर्वीचा अली मुख्यतः पायांच्या बळावर आपला बचाव करीत असे. हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातला, असूनही तो हात कमरेपाशी सैल सोडून रिंगभर फिरे आणि ठोसा येताच डोके सरळ मागे घेई. नवशिक्यांची हीच सवय प्रशिक्षक आधी मोडून काढतात, पण अलीच्या वेगामुळे त्याला ती पचत होती. 1964 साली त्याने सॉनी लिस्टनला याच रीतीने जेरीस आणले. नोव्हेंबर 1966मध्ये ह्यूस्टन येथे क्लीव्हलंड विल्यम्सवर तिसऱ्या फेरीत मिळवलेला विजय हा त्या शैलीचा सर्वोत्तम नमुना आहे, असे माझे मत आहे. त्यानंतर काही महिन्यांतच, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे त्याचा परवाना आणि जगज्जेतेपद दोन्ही गेले, आणि वयाच्या 25 ते 28 या ऐन उमेदीच्या वर्षांत त्याला एकही लढत खेळता आली नाही.

ऑक्टोबर 1970मध्ये तो परतला, तेव्हा पूर्वीची चपळाई दोन-चार फेऱ्यांपुरतीच टिकत होती. मार्च 1971मध्ये न्यूयॉर्कला जो फ्रेझियरने पंधराव्या फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, त्याला पाडले आणि लढतही जिंकली. मात्र त्या ठोशानंतरही अली लगेच उठून उभा राहिला. पाय साथ देत नसले तरी मार सोसण्याची असाधारण ताकद अंगात आहे, हे त्या रात्री उघड झाले, आणि पुढची सारी शैली त्यावर उभी राहिली. प्रतिस्पर्ध्याची मान धरून त्याला बिलगणे, फेरीच्या अखेरीस जोर लावून पंचांवर छाप पाडणे, आणि सरावातही सोबत्यांना स्वतःवर मनसोक्त ठोसे मारू देणे ही त्याची रीत झाली.

या बदलाची किंमत जबर होती. 1975मध्ये मनिला येथे फ्रेझियरविरुद्ध चौदा फेऱ्यांचा अमानुष झगडा झाला. 1977मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी निवृत्तीचा सल्ला दिला, आणि तो मानला गेला नाही म्हणून ते त्याचा ताफा सोडून गेले. 1984 साली त्याला पार्किन्सनसदृश विकार असल्याचे निदान झाले. किन्शासाचे कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

फोरमनचा बदल वेगळ्या वाटेने झाला, आणि त्याची चर्चा त्या मानाने फार कमी होते. 1973मध्ये किंग्स्टन येथे फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा तरुण फोरमन पहिल्या मिनिटापासून पूर्ण ताकदीनिशी हात चालवत असे. लढत लांबली की त्याचा दम संपे. 1977मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर तो धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी, सुमारे 120 किलो वजन घेऊन तो परतला, तेव्हा पाय पूर्वीपेक्षाही जड झाले होते, पण घाई संपली होती. दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून तो हळूहळू पुढे सरके, जड जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, अंतर राखी आणि फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत स्टूलावर बसतही नसे. 1991मध्ये इव्हँडर होलिफील्डविरुद्ध तो गुणांवर हरला, तरी बाराही फेऱ्या उभा राहिला. विशीतल्या फोरमनकडून एवढ्या संयमाची अपेक्षा कोणी केली नसती.

5 नोव्हेंबर 1994 रोजी लास व्हेगास येथे 26 वर्षांच्या मायकल मूररविरुद्ध नऊ फेऱ्या तो तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे होता. दहाव्या फेरीत एका आखूड, सरळ उजव्या ठोशाने त्याने मूररला झोपवले आणि वयाच्या 45व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. तीन वर्षांनी शॅनन ब्रिग्जकडून तो शेवटची लढत हरला, तीही पूर्ण बारा फेऱ्या खेळून, पंचांच्या वादग्रस्त निकालावर.