ऊद अत्तर आणि ते लावणाऱ्याची ओळख

ऊद अत्तर : अगरू वृक्षाच्या राळ भरलेल्या लाकडाचे ऊर्ध्वपातन करून काढलेले घट्ट, गडद तेल. आखातात त्याला ‘दहन-अल-ऊद’ म्हणतात. मराठी घरांत तिन्हीसांजेला किंवा बाळंतिणीच्या खोलीत धुरीसाठी जाळतात तो ऊद मात्र सुमात्रा-जावाकडच्या वेगळ्याच झाडाची राळ असतो, आणि पूजासाहित्याच्या दुकानात ‘ऊद’ मागितला तर तीच मिळते. ऊद अत्तर लावणारा माणूस करारी, गूढ, श्रीमंती थाटाचा असतो अशी समजूत गेल्या वीसेक वर्षांतल्या जाहिरातींनी पसरवली आहे. तिच्यात तथ्य थोडे. ऊदावरून माणसाचा स्वभाव कळण्यापेक्षा त्याचा मुलूख, ऐपत आणि सवय अधिक नेमकी कळते.

अगरूच्या निरोगी लाकडाला वास नसतो. ते पांढरट, हलके आणि जळणाखेरीज फारसे कामाचे नसते. खोडाला इजा झाली आणि तीतून बुरशी शिरली, की झाड बचावासाठी राळ सोडते. त्या जागी लाकूड काळपट, जड आणि सुगंधी होते. आसामात हे काम एका पतंगाची खोड पोखरणारी अळी करते. लागवडीच्या बागांत खोडाला भोके पाडून मुद्दाम बुरशी घालतात. भारतात हे झाड मुख्यतः आसाम, त्रिपुरा व शेजारच्या डोंगराळ भागात आढळते आणि आसामातले होजाई हे या धंद्याचे जुने ठाणे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अगरूचे प्रकार रंग आणि वासावरून सांगितले आहेत. रघुवंशात रघूचे हत्ती प्राग्ज्योतिषात काळ्या अगरूंना बांधलेले दिसतात, म्हणजे आसामची ख्याती तेव्हाचीच.

तेल काढण्यासाठी राळ कमी असलेले लाकूड वापरतात. चांगले राळदार तुकडे धुरीसाठीच विकले जातात, कारण त्यांना तसेच जास्त मोल येते. ढलप्या कुटून भरड करतात आणि पाण्यात भिजत घालतात, दहा-पंधरा दिवसांपासून महिन्याहून अधिक काळ. या मुरण्यानेच आसामी तेलाला गोठ्याची, कच्च्या कातड्याची, आंबूस चीजची छटा येते. कमी भिजवले तर वास स्वच्छ राहतो, पण तेल घटते. मग तांब्याच्या किंवा पोलादी देगेत भरड पाण्यासकट कित्येक दिवस मंद आचेवर ठेवतात. वाफ थंड होऊन पाण्यावर तेलाचा पातळ थर जमतो, तो हाताने निपटून घेतात. आच वाढली की तळाचा भुसा करपतो आणि तो जळकट वास पुढे कितीही मुरवले तरी जात नाही. एवढे करून लाकडाच्या वजनाच्या अर्धा टक्काही तेल हाती येत नाही; किंमत चढते ती इथे. ताज्या तेलात पाण्याचा अंश व आंबूसपणा राहतो, म्हणून कुपीचे तोंड अधूनमधून उघडून त्याला हवा देतात आणि काही महिने मुरू देतात.

बाजारात मुलुखावरून नावे पडली आहेत. ‘हिंदी’ म्हणजे आसामकडचा : पहिला तास गोठा आणि कातडे, नंतर मसालेदार, कोरडे लाकूड. ‘कंबोडी’ गोड, पिकल्या फळांकडे झुकणारा. नवख्याला पहिल्या भेटीत तोच आवडतो. बोर्निओकडचा ‘कलिमंतानी’ हवेशीर, थोडा कापरासारखा. मात्र आजच्या बाजारात ही नावे वासाच्या धाटणीची आहेत. कंबोडी म्हणून विकलेले तेल थायलंडच्या बागेतले असू शकते.

लावायचे प्रमाण हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. कुपीच्या झाकणाला असलेल्या काचेच्या काडीचे एक बोट, म्हणजे थेंबाहून कमी, दोन्ही मनगटांना पुरते. उरलेले कानामागे किंवा दाढीला. पांढऱ्या सदऱ्यावर लावू नये, डाग निघत नाही. कापसाचा फाया कानात ठेवणे जास्त सोयीचे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे, काहींच्या त्वचेला खाज येते. पहिल्या दहा मिनिटांवरून विकत घेऊ नये आणि त्यावरून नाक मुरडूही नये, कारण खरा वास दीड-दोन तासांनी उघडतो आणि आठ-दहा तास टिकतो. तेलकट, उबदार त्वचेवर तो लवकर फुलतो, कोरडीवर जवळच राहतो. लावणाऱ्याचे नाक अर्ध्या तासात सरावते, आपल्याला वास येईनासा झाला म्हणून माणूस पुन्हा काडी फिरवतो, आणि वातानुकूलित कचेरीत शेजारी हैराण होतात. दमट मुंबईत, गर्दीच्या लोकलमध्ये तर निम्मे प्रमाणही पुष्कळ होते.

आता व्यक्तिमत्त्वाकडे. युरोपात ऊदाला मोठी प्रसिद्धी मिळाली ती 2002 साली ईव्ह सां लोरांच्या ‘एम सेव्हन’ या परफ्यूमपासून आणि 2007 मधल्या टॉम फोर्डच्या ‘ऊद वुड’नंतर. तिथे ऊद म्हणजे धाडसी, मर्दानी, रात्रीचा असे चित्र तयार झाले. आखातात बायका केसांना, अबायाला ऊदाची, म्हणजे अगरूच्या लाकडाची, धुरी देतात, पुरुष शुक्रवारच्या नमाजाला तेल लावतात, मुलांच्या कपड्यांनाही ईदला धुरी मिळते. तिथे ऊद लावणारा वेगळा दिसत नाही, न लावणारा दिसतो. जेवणानंतर यजमान धुपाटणे फिरवतो आणि पाहुणे तो धूर दाढीत, गुत्र्यात (डोक्यावरच्या रुमालात) घेतात. ‘ऊदानंतर बसणे नाही’ अशी तिथे म्हणच आहे : धुपाटणे आले की निरोपाची वेळ झाली. आपल्याकडे लग्नात हाताच्या पाठीवर अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडतात ते स्वागताला, त्यांचे निरोपाला, एवढाच फरक. अशा ठिकाणी पाहुण्याच्या अंगाचा वास यजमानाच्या घराचा असतो. त्यावरून त्याचा स्वभाव काय ओळखणार?

तरीही जाणकार काही गोष्टी ओळखतो. शुद्ध हिंदी तेल नुसतेच लावणारा बहुधा घरातूनच त्या वासात वाढलेला असतो किंवा जाणीवपूर्वक शिकलेला. गुलाब, केशर, चंदन, अंबर घातलेले ‘मुखल्लत’ लावणाऱ्याला चारचौघांत वावरायचे असते. मद्यार्क नको म्हणून अत्तराकडे वळलेला धार्मिक गिऱ्हाईक प्रमाणाबाबत सहसा काटेकोर असतो, आणि नवी बाटली घेतलेला हौशी तरुण जिन्यातच ओळखू येतो. उत्तरेकडच्या अत्तरवाल्यांचा संकेत असा की उन्हाळ्यात वाळा, मोगरा, आणि हिना, शमामा, ऊद थंडीत. भर मेमध्ये ऊद लावणाऱ्याने हा संकेत ऐकला नसावा, किंवा तो आखातातून सुट्टीवर आलेला असावा.

मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानमध्ये ऊदाच्या नावाने जे खपते, त्यातला स्वस्त माल बहुतांश बनावट मिश्रण असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त ते ऊद म्हणून घेऊ नये. अशा मिश्रणात नागरमोथ्याचे तेल बऱ्याचदा असते; त्याचा धुरकट, मातकट वास ऊदाच्या जवळ जातो. कृत्रिम ऊद पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकाच सुरात राहतो, खरा तासागणिक बदलतो. ही परीक्षा रंग आणि घट्टपणा पाहण्यापेक्षा भरवशाची, कारण रंग व दाटी दोन्ही मिसळता येतात. लाकडाच्या तुकड्यांत आणखी गमती : रंग आणि तेल पाजलेले साधे लाकूड, वजनासाठी फटींत भरलेली धातूची पूड. ‘पाण्यात बुडते तो अस्सल’ ही कसोटी म्हणूनच अपुरी पडते. तांदळाएवढा कपचा पूर्ण पेटून राख धरलेल्या कोळशावर, मध्ये अभ्रकाचा पत्रा ठेवून तापवावा. खरी राळ फसफसते आणि धूर गोडसर येतो. रंगवलेले लाकूड नाकाला झोंबते. लालबुंद कोळशावर थेट टाकला तर अस्सल तुकडाही करपतो, आणि चांगल्या मालाला नावे ठेवली जातात.

जंगली अगरू आता दुर्मीळ आहे. आसामातली जात 1995 पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार होणाऱ्या जातींच्या यादीत आहे, बाकीच्या जाती त्यानंतर दहा वर्षांनी आल्या. परदेशी जाता-येता परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी माणशी एक किलो लाकूड आणि 24 मिलिलीटर तेल नेण्याची सूट या करारात आहे. व्यवहारात तोळ्याच्या दोन कुप्या. काही देशांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, त्यामुळे खरेदीची पावती सामानातच ठेवावी.