दयाळ गप्प का होतो?

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आमची सोसायटी. मार्च लागला की उजाडायच्या आत समोरच्या गच्चीवरल्या अँटेनावरून शीळ सुरू होते. दयाळ! नर काळाभोर, पंखावर पांढरा पट्टा, पोट पांढरं, शेपटी उभारलेली. मादीही त्याच ठेवणीची, फक्त काळ्याच्या जागी राखी रंग.

थंडीत शेजारी विचारतात, ‘तो गाणारा पक्षी गेला कुठे?’ तो कुठेही जात नाही. आपल्याकडचा दयाळ बारमाही आहे. जिन्याखाली, कुंड्यांमागे, पाचोळ्यात तो किडे टिपत असतो. तिन्हीसांजेला एखादा खरखरीत ‘चर्र’ ऐकू येतो, तेवढाच.

या मौनाचं मूळ दिवसाच्या लांबीत आहे. ठाण्यात डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम 11 तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. पक्षी हा फरक नुसत्या डोळ्यांनी मोजत नाहीत. प्रकाश पिसं आणि कवटी भेदून मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथल्या प्रकाशसंवेदी पेशी त्याची नोंद घेतात. मला तर ही निसर्गातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. दिवस वाढले की मेंदूकडून पियूष ग्रंथीला निरोप जातो, हिवाळ्यात आक्रसलेली वृषणं कित्येक पटींनी वाढतात आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन हे गायला लावणारं नर-संप्रेरक चढतं. पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक फर्नांडो नॉटेबोम यांनी 1981 साली कॅनरी पक्ष्यांमध्ये दाखवून दिलं, की गाण्याचं नियंत्रण करणारे मेंदूचे भागसुद्धा वसंतात मोठे होतात आणि हंगाम सरला की लहान.

गाण्यातून नर हद्द सांगतो आणि मादीला बोलावतो. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, कधी एखादा रिकामा पाइप, असं कुठेही घरटं होतं. मादी चार-पाच निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची अंडी घालते आणि एकटीच उबवते. म्हणून उन्हाळ्यात सोसायटीत भोकं बुजवण्याचं, रंगरंगोटीचं काम निघालं, तर आधी आत डोकावून बघा, ही माझी कळकळीची विनंती.

पावसाळा रंगात आला की गाणं विरळ होतं, जुनी पिसं झडून नवी येतात. मग एखाद्या सकाळी पार्किंगमध्ये अंगावर तपकिरी खवल्यांची नक्षी असलेलं पिल्लू टुणटुणत येतं. शेपटी मात्र आत्तापासूनच उभी!